आमच्या घराचा हॉलंडचा नंबर

बाबांनी आपला मोबाइल नंबर आयुष्यात एकदाच अनोळखी माणसाला दिला, आणि तो चपलांच्या दुकानात दिला, याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

बडोद्याच्या अलकापुरीत माझं ऑफिस आहे. परदेशी जाणाऱ्यांचे व्हिसाचे कागद आम्ही बघतो. एका संध्याकाळी बाबा मला न्यायला आले, आणि मला वेळ लागतोय म्हणून बाजूच्या दुकानात सँडल घ्यायला शिरले. मी पोचले तेव्हा बिल करणारी मुलगी विचारत होती, "अंकल, नंबर?"

"आठ," बाबा म्हणाले.

"वो नहीं, मोबाइल का."

"सँडल काय मोबाइलला घालायचेत?" बाबांनी मराठीतच विचारलं. पण मागे रांग होती आणि नंबर टाकल्याशिवाय बिलच निघत नाही म्हणे. बाबांनी दहा आकडे सांगितले.

त्या आठवड्यापासून फोन सुरू झाले. करजणजवळ हायवेला लागून प्लॉट. गुडघ्यांचं तेल. मग परत करजणचे प्लॉट. मी म्हणायची, कट करा. पण बाबांची सगळी नोकरी मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये गेलेली. कुठलंही काम अर्धवट सोडणं त्यांना जमत नाही. ते प्लॉटवाल्याला जमीन काळी आहे की रेताड, पाणी किती फुटांवर लागतं, पावसात हायवेचं पाणी शिरतं का, असं सगळं विचारायचे आणि शेवटी म्हणायचे, "मला घ्यायचा नाहीये." त्यामुळे ते फार उत्सुक गिऱ्हाईक आहेत असा समज पसरला असावा. फोन वाढतच गेले.

"नंबर म्हणजे काय प्रसाद आहे, येईल त्याच्या हातावर ठेवायला?" असं ते जेवताना म्हणायचे. ऐकायला मी एकटीच. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

उपाय त्यांना कमाटीबागेत सापडला. तिथे सकाळी फिरायला येणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांनी बाबांना एक साइट दाखवली. तिच्यावर देशोदेशीचे फोन नंबर मांडून ठेवलेले असतात, फुकट. सिमकार्ड नको, काही नको. जिथे आपला नंबर मागतील तिथे त्यातला एखादा भरायचा. त्या नंबरावर जो कोड येईल, तो साइटच्या पानावर उमटतो. तो वाचायचा, टाकायचा आणि निघून जायचं.

बाबा घरी आले ते चेहरा उजळलेला. "हे बघ," म्हणाले. यादीतला पहिलाच नंबर हॉलंडचा होता. त्याच्यावर क्लिक केलं तर खाली कोडच कोड. दर मिनिटाला नवे.

"बाबा, पण हे सगळ्यांना दिसतात. तुमचा कोड येईल तोही सगळ्यांना दिसणार."

"दिसू दे की. त्यांना थोडंच माहितीय माझा आहे म्हणून?"

त्यानंतर सकाळचा चहा त्या पानासमोर होऊ लागला. पूर्वी ते वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या बातम्या मोठ्याने वाचायचे, आता परक्या माणसांचे कोड वाचायला लागले. "कोणीतरी लग्नाच्या साइटवर नाव घालतंय. चांगलं आहे." "याने पिझ्झा मागवलाय, सकाळी सकाळी." एकदा एकाच ठिकाणचे चार कोड लागोपाठ आले, तेव्हा त्यांच्या हातातला कप थांबला. "चार वेळा मागितला बिचाऱ्याने. चष्मा सापडत नसेल." पाचवा आला नाही तेव्हा त्यांना हायसं वाटलं.

याच सुमारास आमच्या सोसायटीने फाटकासाठी अ‍ॅप घेतलं. कोणी पाहुणा आला की वॉचमनने मोबाइलमध्ये त्याचं नाव आणि फोटो टाकायचा, आपल्या फोनवर विचारणा यायची, आपण 'मंजूर' किंवा 'नामंजूर' दाबायचं. त्या उत्साहात कमिटीने जुना इंटरकॉम काढून टाकला. अ‍ॅपला प्रत्येक घराचा एक नंबर हवा होता. आमच्याकडे निम्मे फ्लॅटमालक कॅनडा-अमेरिकेत, त्यामुळे परदेशी नंबरही चालत होता. बाबांना आणखी काय पाहिजे? त्यांनी आमच्या फ्लॅट तीनशे चारसमोर हॉलंडचा नंबर टाकला, पानावर उमटलेला कोड भरला, आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या यादीत आमच्या नावापुढे आलं: 'परदेशस्थ मालक'.

सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले. "काका, तमे हॉलंड क्यारे गया?"

"गेलो नाही," बाबा म्हणाले. "नुसता नंबर गेलाय."

सेक्रेटरींनी मान हलवली. ते आमच्याच मजल्यावर राहतात. तरीसुद्धा त्यानंतर परदेशी मालकांना पाठवायच्या सूचना ते आम्हाला वेगळ्या पाठवायचे, आणि बाबांना रोज सकाळी पार्किंगमध्ये भेटून 'जय श्री कृष्ण' म्हणायचे.

काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग विचारणा येणं बंद झालं. अ‍ॅप उघडलं तर 'पुन्हा लॉगिन करा' असं दिसायचं. बाबांनी ते वाचलं आणि सोडून दिलं. "तेवढीच शांतता," म्हणाले. दूधवाला, भाजीवाली, कचरावाला यांना वॉचमन न विचारताच सोडायचा, त्यामुळे आमचं काही अडलं नाही.

अडलं ते आत्याचं. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधी आत्या दांडिया बाजारातून रिक्षा करून गुळाच्या पोळ्या घेऊन आली. वॉचमनने तिचं नाव टाकलं, थोडं थांबला आणि म्हणाला, "बा, उपरथी ना पाडी छे."

"कोणी ना पाडी?"

"तीनशे चारवाळाए. लख्युं छे, घरे कोई नथी."

आत्याने खालून वर बघितलं. आमच्या गॅलरीत बाबांचा लेंगा वाळत होता आणि आत पंखा फिरताना दिसत होता. तिने बाबांना फोन लावला. तो लागेना. बाबा त्या वेळी करजणच्या प्लॉटवाल्याशी बोलत होते. आत्या पोळ्यांचा डबा घेऊन त्याच रिक्षाने परत गेली, आणि संध्याकाळी तिने मला ऑफिसात फोन केला. बाबांना नाही, मला.

"तुझ्या बापाला सांग, सख्ख्या बहिणीला दारातून परत पाठवायचं असेल तर स्वतः खाली येऊन सांगायचं. यंत्राकडून नाही."

बाबा शपथेवर सांगत होते की त्यांनी काही दाबलं नाही. मला वाटलं, चुकून दाबलं असणार आणि आता कबूल करत नाहीत. त्यांना वाटलं, मीच माझ्या फोनवर ते अ‍ॅप घेऊन काहीतरी केलं. आम्ही दोघं दोन दिवस एकमेकांशी मोजकंच बोललो.

त्यानंतर पिंजारी आला. खांद्यावर कापूस पिंजायची धनुकली घेऊन तो थेट आमच्या दारात उभा. "गाद्या कुठे आहेत?"

"तुला कोणी पाठवलं?" बाबा म्हणाले.

"मी फाटकावर विचारलं, कोणाच्या गाद्या पिंजायच्यात का. वॉचमनने सगळ्यांना विचारलं. तुमच्याकडून हो आलं."

बाबांनी आत वळून गाद्यांकडे बघितलं. गाद्या खरंच बसल्या होत्या. दिवसभर गच्चीवर टणत्कार चालला, संध्याकाळी माझ्या डब्यातसुद्धा कापूस निघाला. रात्री झोप मात्र छान लागली.

मग शेजाऱ्यांचं वागणं बदललं. हे सांगताना बाबांचा स्वभाव सांगायला हवा. सोसायटीत त्यांचं कोणाशी फारसं पटत नाही. पाण्याची मोटर कधी लावायची यावरून दोनशे दोनमधल्या बेनशी त्यांचं जुनं वाकडं. त्या बेन एका सकाळी दारात आल्या, हातात वाटीभर लीलो चेवडो. "काका, मारा जन्मदिवसे तमे केटलुं सारुं लख्युं! घरच्यांनीसुद्धा एवढं लिहिलं नाही."

बाबांनी चेवडा घेतला. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी जिन्यात कोणीतरी त्यांचा हात हातात घेतला. उत्तरायणाला गच्ची कोणाला, यावरून सोसायटीत दरवर्षी भांडण होतं. पतंगवाल्या पोरांना सगळी गच्ची हवी, म्हाताऱ्यांना उन्हात बसायला जागा हवी. यंदा म्हणे बाबांनी अ‍ॅपवरच्या चर्चेत तोडगा सुचवला होता: पाण्याच्या टाकीकडची बाजू पोरांना, जिन्याकडची बाजू खुर्च्यांना, आणि उंधियू खाली पार्किंगमध्ये. दोन्ही पक्ष खूश. "काका, आटला वर्ष केम चुप हता?"

"विचार करत होतो," बाबा म्हणाले.

घरी येऊन मला म्हणाले, "माझ्या नावाने तू लिहितेस का? चांगलं लिहितेस. पण विचारत जा."

"मी? मला वाटलं तुम्हीच सुधारलात."

मग मी हॉलंडच्या नंबराचं पान उघडलं. खूप खाली गेल्यावर आमच्या फाटकाच्या अ‍ॅपचा कोड दिसला. तो आम्ही मागवलेला नव्हता. कोणीतरी दुसऱ्याने त्याच नंबरावरून त्याच अ‍ॅपमध्ये प्रवेश केला होता, आणि हे अ‍ॅप एका वेळी एकाच फोनमध्ये चालतं. तो आत गेला तसे बाबा बाहेर पडले होते.

बाबांनी उठून दाराची कडी लागली आहे ना ते बघितलं. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या घरात दुसरा माणूस राहतोय."

"अ‍ॅपमध्ये, बाबा."

"सोसायटीला तोच खरा वाटतोय."

आम्ही नवा कोड मागवून आत शिरलो. तिथे आमच्या घराचा गेल्या महिन्याचा संसार होता, जो आम्हाला माहीतच नव्हता. तीनशे चारने लिफ्टच्या दिव्याबद्दल नम्रपणे आठवण केली होती. कोणाच्या मुलाला बारावीसाठी शुभेच्छा दिल्या होत्या. मांजराबद्दल तक्रार करणाऱ्याला लिहिलं होतं, 'थोडं दूध ठेवून पाहा, मग ती तुमच्या गाडीवर बसणार नाही.' बाबा चष्मा वर करून करून वाचत होते. वाचता वाचताच पडदा पांढरा झाला: 'पुन्हा लॉगिन करा'. तो परत आत गेला होता.

मग ओढाताण सुरू झाली. आम्ही आत, तो बाहेर. तो आत, आम्ही बाहेर. हॉलंडच्या पानावर आमच्या सोसायटीचे कोड ओळीने उमटत होते, आणि जगात कुठे कुठे बसलेली माणसं ते बघत असतील याची मला लाज वाटत होती. शेवटी बाबांनी मला थांबवलं. "एकदा आत गेलो की मला दे. मला त्याला विचारायचंय."

"कसं विचारणार? त्याचा नंबर तोच तुमचा नंबर आहे."

"चर्चेत लिहितो. तो वाचतो ना?"

त्यांनी एका बोटाने, गुजरातीत, सगळ्या सोसायटीसमोर लिहिलं: 'तीनशे चारकडून तीनशे चारला. नमस्कार. आपण कोण?'

मी ऑफिसला गेले. दुपारी सेक्रेटरींचा फोन आला. आवाज एकदम हळू. "बेन, गभराता नहीं. काका पोतानी साथे वातो करे छे."

"स्वतःशी? म्हणजे?"

"लेखी. सगळे वाचतायत." त्यांनी वाचून दाखवलं. तीनशे चारने तीनशे चारला विचारलं होतं, आपण कोण. तीनशे चारने उत्तर दिलं होतं, 'माफ करजो, मला वाटलं घर रिकामं आहे.' त्यावर तीनशे चार म्हणाला, 'रिकामं कसं? मी इथेच बसलोय.' तीनशे चार म्हणाला, 'यादीत तुम्ही हॉलंडला आहात.' तीनशे चार म्हणाला, 'तुम्ही कुठे आहात?' आणि तीनशे चारने लिहिलं, 'करजण.'

"मारा एक ओळखीचे डॉक्टर छे," सेक्रेटरी म्हणाले. "बहु सारा माणस. विचारू का?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "पण डॉक्टरांना विचारायला काय हरकत आहे?"

तोवर बाबांनी त्या माणसाला चहाला बोलावलंही होतं.

रविवारी तो आला. फाटकावरची गंमत मी गॅलरीतून पाहिली, कारण मी आणि बाबा तिथे वाट बघत उभे होतो, आणि आम्हीच नव्हे, बऱ्याच गॅलऱ्यांत माणसं होती. पन्नाशीचा, बारीक, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. स्कूटर बाजूला लावून वॉचमनकडे आला. वॉचमनने विचारलं, कोणाकडे? तो म्हणाला, तीनशे चार. वॉचमनने त्याचं नाव टाकलं. त्या माणसाच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो काढला, बघितला, एकदा वॉचमनकडे, एकदा वर आमच्याकडे पाहिलं. वॉचमन म्हणाला, "दो मिनिट, ऊपर से हाँ आने दो." तो माणूस अगदी अवघडून गेला. मग त्याने स्वतःच्या फोनवर 'मंजूर' दाबलं. वॉचमनचा मोबाइल वाजला. "आ गया. जाओ," वॉचमन म्हणाला, आणि मग त्याने हळूहळू त्या माणसाच्या हातातल्या फोनकडे पाहिलं.

वर आल्यावर तो दारातच थांबला आणि हात जोडले. "घर जोईने आनंद थयो," म्हणाला आणि आत घर बघू लागला, जणू बांधकाम चालू असताना त्याने फक्त नकाशा पाहिला होता.

त्याचं करजणला झेरॉक्सचं दुकान होतं. बायको सुरतेला मुलीच्या बाळंतपणासाठी गेलेली. हायवेजवळ नव्या सोसायटीत त्याने फ्लॅट घेतला, पण तिथे राहायला फारसं कोणी आलेलंच नाही. त्यांच्याकडेही हेच अ‍ॅप आलं. त्याला स्वतःचा नंबर द्यायचा नव्हता.

"का?" बाबांनी विचारलं.

"फोन फार येतात. बडोद्यातल्या प्लॉटचे."

बाबांनी त्याच्या बशीत आणखी एक बिस्किट ठेवलं.

त्यालाही कोणीतरी तीच साइट दाखवली होती, आणि त्यानेही यादीतला पहिलाच नंबर घेतला होता. कोड टाकला तर अ‍ॅप म्हणालं, स्वागत आहे, तीनशे चार. आधी त्याला वाटलं, नमुना म्हणून दाखवतायत. मग कोणीतरी चर्चेत लिफ्टमध्ये अडकलं. नमुन्यात माणसं लिफ्टमध्ये कशी अडकतील? बाहेर पडायला हवं हे त्याला कळत होतं. पण यादीत लिहिलं होतं मालक परदेशी. घर बंद असेल, कोणाला त्रास नाही, असं त्याने स्वतःला समजावलं. "आमच्या सोसायटीत चर्चेत कोणीच काही लिहीत नाही. मी एकदा 'शुभ सवार' लिहिलं, तर पंधरा दिवस खाली तेवढंच दिसत होतं. इथे सकाळपासून भांडण. वाचायला मजा यायची. मग दोनशे दोनच्या बेनचा वाढदिवस आला आणि कोणीच काही लिहीना. मला राहवलं नाही."

"आणि माझी बहीण?" बाबा म्हणाले. "तिला परत पाठवलंत."

"दुकानात गर्दी होती. फोटोत एक म्हाताऱ्या बाई दिसल्या, डबा घेतलेल्या. मला वाटलं, मालक तर हॉलंडला. बाई उगाच जिने चढतील, दार वाजवतील, निराश होऊन परत जातील. त्यापेक्षा खालीच कळलेलं बरं."

बाबांनी बिस्किटांचा डबा झाकला. मी विचारलं, "मग पिंजाऱ्याला कसं सोडलंत?"

तो जरा लाजला. "त्याने तर काम मागितलं होतं. कामाला नाही कसं म्हणायचं? आणि बंद घरातल्या गाद्यांना वास लागतो."

संध्याकाळी सेक्रेटरींच्या घरी छोटीशी बैठक झाली. तीनशे चारला यापुढे हॉलंडचा नंबर चालणार नाही असं ठरलं. बाबांनी आपला नंबर द्यायला साफ नकार दिला, म्हणून माझा घातला. आता आत्या, कुरिअर, पाहुणे, सगळ्यांना मी अलकापुरीत बसून दार उघडते. चर्चेत तीनशे चारच्या नावाने बाबा लिहितात, मोटरबद्दलच लिहितात, आणि दोनशे दोनमधल्या बेननी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "करजणवाळा भाई फरी क्यारे लखशे?" भाई पुन्हा कधी लिहिणार, हा प्रश्न बाबांनी दिवसभरात तीनदा वाचला. मग त्यांनी लिहिलं की मोटर सकाळी सातऐवजी साडेसातला लावली तरी चालेल.

आत्याचं राहिलं होतं. बाबा तिला फोनवर समजावून थकले. मग एका रविवारी करजणचे भाई पुन्हा आले आणि म्हणाले, मी स्वतः माफी मागतो. आम्ही तिघं दांडिया बाजारात गेलो. आत्याने दार उघडलं, साखळी न काढता.

"हे कोण?"

"ज्यांनी तुला नाही म्हटलं ते," बाबा म्हणाले.

आत्याने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं, साखळी काढली आणि आम्हाला बसवलं. मग स्वतः समोर बसली. "नीट सांग मला. मी आले तेव्हा तू घरात होतास?"

"होतो."

"मग नाही कोण म्हणालं?"

"हे."

"हे कुठे होते?"

"करजणला. दुकानात."

"आणि नंबर कुठला?"

"हॉलंडचा."

आत्या माझ्याकडे वळली. "तू कुठे होतीस?"

"ऑफिसात."

"मग तुमच्या घरी राहतं कोण?"

भाई हात जोडून म्हणाले, "बा, भूल मारी छे." आत्याने ते ऐकलं, मान हलवली आणि स्वयंपाकघरात गेली. उत्तरायण होऊन गेलं होतं, गुळाच्या पोळ्या कधीच संपल्या होत्या. तिने पोहे केले. भाईंनी पहिला घास घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि संकोचून विचारलं, शेव आहे का? आत्या उठली, डबा काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. बाबांनी हात पुढे केला, तसा तिने तो डबा आणखी थोडा भाईंकडे सरकवला.